पोतं तोंड उघडेना

एक होती गोगू.

गोगू म्हणजे गोगलगाय. केवढी? ज्वारीच्या दाण्याएवढी. पाय कुठं? पोटात! पाठीवर काय? घर!

गोगू राहायची आमच्या बिल्डिंगच्या मागं. तिथं एक बाग आहे. बाग कसली, चार पावलांत संपते. एक पेरू. एक जास्वंद. एक नळ. नळापाशी एक पायरी. आणि भिंतीकडेला पाचोळ्याचा ढीग. वरून कुरकुरीत, आतून मऊ मऊ.

त्या ढिगात कोण? गोगू आणि गोगूची आई.

पाऊस गेला. दसरा झाला. ऊन चटचट लागायला लागलं.

आई म्हणाली, "गोगू, आता दार लावायचं आणि निजायचं."

"कधीपर्यंत?"

"पुन्हा पाऊस येईपर्यंत."

"मला भूक लागलीय. एक घास खाऊन येते."

"एकच हं. लांब जाऊ नकोस."

गोगू गेली. सुळुक सुळुक. जास्वंदीखाली गेली. एक घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग तिसरा पण खाल्ला. हसू नका. तुम्ही नाही का, एकच म्हणता आणि तीन लाडू खाता?

इकडे आईला झोप आली. आईनं घराला दार लावलं. पांढरं पांढरं, पातळ पातळ. आई निजली.

आणि तेवढ्यात आला खराटा. खर्रर्र! खर्रर्र!

खराटा कुणाचा? तुळशीरामकाकांचा. ते आमचे माळी. त्यांना बाग झाडायला कुणी सांगितलं? मीच सांगितलं. आता लपवून काय करू? दिवाळी आठ दिवसांवर आलेली. मी गॅलरीतून म्हटलं, "काका, बाग लख्ख करा. एक पान दिसता कामा नये!"

काकांनी बाग लख्ख केली. पाचोळा उचलला. काड्या उचलल्या. वाळलेलं सगळं उपटलं. पोत्यात कोंबलं. पोत्याला सुतळी बांधली. आणि काका चहाला गेले.

गोगू परत आली. सुळुक सुळुक.

ढीग कुठं? ढीग नाही.

आई कुठं? आई नाही.

"आई!" गोगू म्हणाली. "आई गं!"

कुणी ओ दिली नाही.

लांब घंटा वाजली. टण टण टण. ती घंटागाडी. कचरा न्यायला निघालेली. घंटागाडी जे नेते, ते परत आणत नाही.

गोगू रडली. खूप रडली. मग रडत रडतच निघाली.

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. समोर होतं पोतं. पोट फुगवून बसलेलं.

पोतं म्हणालं, "कोण गं तू? का गं रडतेस?"

गोगू म्हणाली,

"माझी आई दिसेना,
गाडी काही थांबेना.
पोतेदादा, पोतेदादा, आई पाहिलीत का?"

पोतं म्हणालं, "माझ्या पोटात पाचोळा. माझ्या पोटात काड्या. माझ्या पोटात लाल देठाचं एक वाळकं झाड. तुझी आईही असेल कुठंतरी तळाशी."

"मग तोंड उघडा ना!"

"मी नाही उघडत. सुतळी सुटली तर उघडीन."

टण टण टण. गाडी आली मारुतीच्या देवळापाशी.

गोगू पोत्यावर चढली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. वर होती सुतळी. गाठ मारून ऐटीत बसलेली.

सुतळी म्हणाली, "कोण गं तू? का गं रडतेस?"

गोगू म्हणाली,

"पोतं तोंड उघडेना,
माझी आई दिसेना,
गाडी काही थांबेना.
सुतळीताई, सुतळीताई, सूट ना!"

सुतळी म्हणाली, "मी नाही सुटत. तुळशीरामकाकांची गाठ आहे ही, चेष्टा नाही! उंदरानं कुरतडलं तर सुटेन."

टण टण टण. गाडी आली पिठाच्या गिरणीपाशी.

गोगू खाली उतरली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. भिंतीत होतं बीळ. बिळात होता उंदीर. नुसत्या मिश्या दिसत होत्या.

उंदीर हळूच म्हणाला, "कोण गं तू? का गं रडतेस?"

गोगू म्हणाली,

"सुतळी काही सुटेना,
पोतं तोंड उघडेना,
माझी आई दिसेना,
गाडी काही थांबेना.
उंदीरमामा, उंदीरमामा, सुतळी कुरतडा ना!"

उंदीर म्हणाला, "शूऽऽ! हळू बोल. मी नाही येत. बाहेर ती बसलीय. ती उठली तर येईन."

ती म्हणजे कोण? ती म्हणजे मनी. उंदीरमामा तिचं नावसुद्धा घेत नाहीत!

टण टण टण. गाडी आली दुधाच्या डेअरीपाशी.

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. पेरूखाली होती मनी. शेपूट गुंडाळून, बिळावर डोळा ठेवून.

मनी म्हणाली, "कोण गं तू? का गं रडतेस?"

गोगू म्हणाली,

"उंदीर बाहेर येईना,
सुतळी काही सुटेना,
पोतं तोंड उघडेना,
माझी आई दिसेना,
गाडी काही थांबेना.
मनीमावशी, मनीमावशी, जरा उठा ना!"

मनी म्हणाली, "मी नाही उठत. सकाळपासून उपाशी आहे मी. करवंटी दुधानं भरली तर उठेन."

टण टण टण. गाडी आली शाळेच्या फाटकापाशी.

गोगू दमली होती. ऊन लागत होतं. अंग सुकत चाललं होतं. पण थांबून कसं चालेल?

सुळुक... सुळुक. सुळुक... सुळुक. पायरीखाली होती करवंटी. कोरडी ठक्क. एक मुंगीसुद्धा नव्हती तिच्यात.

करवंटी म्हणाली, "कोण गं तू? का गं रडतेस?"

गोगू म्हणाली,

"मनी काही उठेना,
उंदीर बाहेर येईना,
सुतळी काही सुटेना,
पोतं तोंड उघडेना,
माझी आई दिसेना,
गाडी काही थांबेना.
करवंटीबाई, करवंटीबाई, दुधानं भर ना!"

करवंटी म्हणाली, "मी कशी भरू? मला हात का आहेत? मला रोज रेवू भरते. आज रेवू भरेना. रेवू उठली तर भरेन."

टण टण टण. गाडी आली आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

रेवू कोण? रेवू तळमजल्यावरची. पाच वर्षांची. दोन वेण्या. आज वेण्या वाकड्या. का? बाबानं घातल्या.

रेवू पायरीवर बसली होती. गुडघ्यात तोंड घालून. समोर जमिनीत एक खड्डा होता. एवढासा. वाटीएवढा. रेवू खड्ड्याकडे बघत होती.

गोगू पायरी चढली. सुळुक... सुळुक. रेवूच्या अंगठ्यावर चढली.

रेवू म्हणाली, "कोण गं तू? का गं रडतेस?"

गोगू म्हणाली,

"करवंटी काही भरेना,
मनी काही उठेना,
उंदीर बाहेर येईना,
सुतळी काही सुटेना,
पोतं तोंड उघडेना,
माझी आई दिसेना,
गाडी काही थांबेना.
रेवूताई, रेवूताई, तू तरी ऊठ ना!"

रेवू म्हणाली, "मी नाही उठत. माझा तेरडा गेला."

"तेरडा म्हणजे?"

"झाड. आईनं लावलेलं. पावसात लावलं. आई आणि मी. गुलाबी फुलं आली. मग आई आजारी पडली. मग आई देवाघरी गेली. आता झाडपण गेलं. काकांनी उपटलं. नुसता खड्डा राहिला."

आणि रेवू रडली.

वाईट वाटतं हो मला हे सांगताना. ते झाड वाळलं होतं. मी रोज बघायची. मला वाटलं, वाळलेलं झाड ते, काय कामाचं? मला कुठं ठाऊक कुणी लावलेलं ते!

रेवू रडली. गोगू रडली. अंगठ्यावर दोघींचं पाणी.

मग रेवूनं नाक पुसलं. म्हणाली, "तुझीपण आई दिसेना?"

"दिसेना."

"देवाघरी गेली?"

"नाही. पोत्यात गेली."

"पोत्यात? पोत्यात काय असतं?"

गोगू म्हणाली, "पोत्यात पाचोळा. पोत्यात काड्या. पोत्यात लाल देठाचं एक वाळकं झाड. आणि तळाशी माझी आई."

रेवूनं डोळे मोठ्ठे केले.

"लाल देठाचं? अगं, तोच तर माझा तेरडा!"

आणि रेवू उठली! टुणकन उठली!

गोगूला तळहातावर घेतलं. पळत पळत पोत्यापाशी गेली. गाठ ओढली. सुटेना. नखानं ओढली. सुटेना. दातानं ओढली. थू थू! सुटेना. बोटं इवलीशी. गाठ तुळशीरामकाकांची.

टण टण टण! टण टण टण! गाडी आली शेजारच्या बिल्डिंगपाशी!

"दूध!" गोगू म्हणाली. "रेवूताई, आधी दूध!"

रेवू पळाली. धाड धाड धाड, घरात. बाबा शिडीवर होता. जळमटं काढत होता.

"बाबा, दूध! लवकर!"

बाबानं का म्हणून विचारलं नाही. शिडीवरून उतरला आणि दूध दिलं. बरेच दिवस रेवूनं काही मागितलंच नव्हतं.

मग काय झालं?

रेवूनं दूध ओतलं. चुळुळुळु. करवंटी भरली.

करवंटी भरली, मनी उठली. लप लप लप.

मनी उठली, उंदीर आला. तुरुतुरु तुरुतुरु.

उंदीर आला, सुतळी कुरतडली. कुर्र कुर्र कुर्र.

सुतळी सुटली, पोतं उघडलं. धप्प!

सगळा पाचोळा बागेत. सगळ्या काड्या बागेत. माझी लख्ख बाग! मी गॅलरीतून ओरडणारच होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात फाटकाशी गाडी आली.

टण टण टण!

गाडीवरच्या मावशी खाली उतरल्या. म्हणाल्या, "चला, आणा ते पोतं!"

रेवू पोत्यासमोर उभी राहिली. हात पसरून.

"नाही! नेऊ नका! पाचोळ्यात आई आहे!"

मावशी म्हणाल्या, "आई? कुणाची गं आई?"

रेवूनं तळहात पुढं केला. तळहातावर गोगू.

"हिची," रेवू म्हणाली. "आणि माझी."

 मावशींनी रेवूच्या वाकड्या वेण्यांकडे पाहिलं. मग घंटेचा लोलक मुठीत धरला. घंटा वाजू दिली नाही.

"शोध बाळा," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

गाडी थांबली.

रेवूनं एक पान उचललं. आई नाही. दुसरं पान उचललं. आई नाही. मावशी खाली बसल्या. त्यांनीही पानं उचलली. बाबा आला. त्यानंही उचलली. मग तुळशीरामकाका आले, चहा पिऊन.

"अरे अरे! हे काय? सगळं विस्कटलं की!"

"काका, आम्ही आई शोधतोय," रेवू म्हणाली.

काकांनी टोपी काढली आणि तेही खाली बसले.

तळाशी होतं पेरूचं एक पान. पानाखाली चिकटलेलं एक घर. घराला दार, पांढरं पांढरं, पातळ पातळ.

"आई!" गोगू म्हणाली. "आई, मी आले!"

आईनं दार उघडलं नाही.

"आई, मी तीन घास खाल्ले. पुन्हा नाही खाणार. आई, ऊठ ना!"

आई उठली नाही.

रेवूनं काकांकडे पाहिलं. "काका, हीपण गेली?"

"छे गं! झोपलीय ती. पावसाळा संपला की झोपतात. पाऊस आला की उठतात. दर वर्षी बघतो मी."

"माझी आई? ती उठेल पावसात?"

   

बाबानं रेवूला जवळ घेतलं.

"नाही राणी," बाबा म्हणाला. "आपली आई नाही उठायची."

बाबा रडला. रेवूनं त्याचे डोळे पुसले. दुधाच्या हातानंच पुसले.

मग काकांनी पाचोळ्यातून ते झाड काढलं. लाल देठाचं. वाळलेलं. शेंगा सगळ्या फुटून गेलेल्या. काकांनी झाड उलटं केलं, सुलटं केलं. एका पानामागं एक शेंग होती. एकच. टम्म फुगलेली.

"हात लाव," काका म्हणाले.

रेवूनं बोट लावलं.

फट्!

शेंग फुटली. रेवूच्या तळहातावर बिया पडल्या. तपकिरी, बारीक. गोगूएवढ्याच.

"पेरायच्या?" रेवूनं विचारलं.

"आत्ता नाही गं. ऊन आहे. आता त्यापण झोपणार. पाऊस आला की पेर. गुलाबी फुलं येतील. आईनं लावली होती, अगदी तश्शीच."

बाबानं कागदाची पुडी केली. बिया पुडीत घातल्या. पुडी आईच्या फोटोपाशी ठेवली.

आणि पाचोळा? पाचोळा काकांनी पुन्हा भिंतीकडेला ओढला. खर्रर्र खर्रर्र, पण हळू. पेरूचं पान सगळ्याच्या खाली ठेवलं. काकांनी वर गॅलरीत पाहिलं.

मी म्हटलं, "राहू दे काका. तिथंच राहू दे."

मावशी रिकाम्या हातांनी गाडीवर चढल्या. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत त्यांनी घंटा वाजवली नाही.

तर अशी करवंटी भरली, मनी उठली, उंदीर आला, सुतळी सुटली, पोतं उघडलं, गाडी थांबली. आणि गोगूला आई मिळाली.

गोगू आईच्या कुशीला लागली. अगदी घराला घर. तिनंही दार लावलं. एवढंस्सं, पांढरं पांढरं, पातळ पातळ.

दिवाळी आली. सगळ्यांच्या घरी आकाशकंदील लागले. रेवूच्या घरी लागला नाही. आई गेली ना, मग पहिल्या वर्षी सण करत नाहीत. शेजाऱ्यांनी फराळ न्यायचा असतो. मी चकल्या नेल्या. रेवूनं एक चकली खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग तिसरी पण खाल्ली. मला बरं वाटलं.

रोज सकाळी रेवू खाली येते. करवंटीत दूध ओतते. मग पाचोळ्यापाशी बसते. ढिगाला तोंड लावून हळूच सांगते,

"अजून नाही हं आला पाऊस. आला की मी उठवीन."

गोगूची गोष्ट सरली. बियांची पुडी उरली.

चला, आता तुम्हीपण दारं लावा. एक डोळा मिटा. दुसरा मिटा.

मी इथंच आहे. सकाळ झाली की मी उठवीन.